बोनसची उलाढाल

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या घरात जे मोजके इंग्रजी शब्द उंबऱ्यावरचं माप ओलांडून लक्ष्मीच्या पावलांनी आले, त्यांत 'बोनस' या शब्दाचा मान पहिला. मूळचा हा शब्द लॅटिन. तिथे त्याचा अर्थ नुसता 'चांगला' एवढाच आहे. पण आपल्याकडे तो आला आणि दिवाळी होऊन बसला. बोनस म्हणजे चकलीची भाजणी, बोनस म्हणजे मुलांचे कपडे (दोन मापं मोठे), बोनस म्हणजे गेल्या दिवाळीत बोनसवर ठरवलेली आणि या दिवाळीत पुन्हा बोनसवर ठरवलेली शिवणयंत्राची खरेदी. १९६५ साली त्याचा कायदाच झाला. कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिने राबलात तर तेरावा पगार, आणि जास्तीत जास्त २० टक्के. नव्या वेतन संहितेतही हे आकडे तसेच राहिले. अट एकच : माणसाने काम केलेलं असावं, निदान वर्षात तीस दिवस तरी. "हा घ्या बोनस, पण आधी तो पस्तीस वेळा खर्च करून दाखवा, मग तो तुमचा," असं कुठल्याही गिरणीमालकाने कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर १९८२चा संप दहा वर्षं आधीच झाला असता.

पण असाही एक बोनस जगात आहे, आणि त्याचे कागद वाचण्याचं काम माझ्याकडे आलं.

ते माझ्याकडेच का आलं, हे थोडं सांगायला हवं. मी बँकेत कारकून आहे. बँकेतल्या कारकुनाला पैशातलं कळतं असा एक गैरसमज आहे. आम्हांला फक्त दुसऱ्यांच्या पैशातलं कळतं. मात्र एक गोष्ट आम्हांला खरोखर येते, ती म्हणजे बारीक अक्षर वाचणं. लॉकरचा करारनामा शेवटपर्यंत वाचलेली माणसं आपल्या देशात किती असतील? एक तो लिहिणारा वकील आणि दुसरा मी. गिऱ्हाईक येतं, त्याच्यापुढे मी नऊ पानं ठेवतो. ते पहिलं पान उलटत नाही, शेवटचं उलटतं आणि एकच प्रश्न विचारतं, "कुठे सही करू?" मी पेन्सिलीने केलेल्या फुलीवर बोट ठेवतो. गेली वीस वर्षं मी पाहतोय, माणूस भाजीवालीकडे एक मिरची चारदा उलटीपालटी करून बघेल, पण ज्या कागदावर त्याचं घर गहाण पडणार आहे त्यावर चहा निवायच्या आत सही करेल. मुदत ठेव मोडली की व्याज कमी का झालं, म्हणून भांडायला येतो तेव्हा मी त्याला त्याचीच सही दाखवतो. "हे एवढंसं लिहिलंय होय!" म्हणतो. एवढंसंच लिहायचं असतं. मोठं लिहायचं असतं ते व्याजाच्या दराचं.

तर माझा भाचा. ताईचा धाकटा. शिकायला इंग्लंडात लेस्टरला गेला. २०२४च्या हिवाळ्यात एका रविवारी त्याचा फोन आला. आवाजात ती लाडीगोडी होती जी लहानपणी पतंगाच्या मांज्यासाठी असायची.

"मामा, तू अटीबिटी चांगल्या वाचतोस ना?"

"पोटासाठी वाचतो. का?"

"एक स्कीम आहे. आपण शंभर पौंड भरले की ते वर शंभर पौंड देतात. फुकट. इथे कायदेशीर आहे सगळं, परवाना आहे."

तेवढं खरं होतं. इंग्लंडात जुगाराचा २००५चा कायदा आहे, जुगारावर देखरेख करणारं सरकारी आयोग आहे आणि त्या आयोगाचा परवाना घेऊन फोनच्या पडद्यावर कॅसिनो चालवता येतो. आपल्याकडेही कॅसिनोचा कायदा नव्हता असं समजू नका. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचं नियंत्रण आणि कर यांचा चांगला सविस्तर कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं आपल्याकडे कॅसिनोच्या अटी होत्या, फक्त कॅसिनो नव्हता. ज्याला तो हवा असे त्याने पणजीला जाऊन मांडवीतल्या बोटीत चढावं.

"फुकट" हा शब्द ऐकला की आमच्या खात्यात दोन माणसांचे कान टवकारतात : तिजोरीजवळच्या वॉचमनचे आणि माझे. मी म्हटलं, "पाठव कागद."

त्याने जाहिरात पाठवली. हिरव्यागार पडद्यावर सोन्याची नाणी उसळताहेत आणि मध्ये हाताएवढ्या अक्षरांत '१०० टक्के बोनस'. त्या बोनसच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी. अनुभवी माणसाने अशा वेळी आकडा बघू नये, चांदणी बघावी. आकाशातली चांदणी वाटसरूला वाट दाखवते, कागदावरची चांदणी त्याला अडीच हात खोल पाण्यात नेते. मी ती चांदणी धरून खाली उतरलो तर खाली अटींची अकरा पानं निघाली. सौ.ने जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ती स्वतः आली आणि पडद्यावर डोकावून म्हणाली, "एवढं आमच्या लग्नाच्या याद्यांत सुद्धा लिहिलं नव्हतं."

पहिली अट उलाढालीची. इंग्रजीत तिला 'वेजरिंग' म्हणतात, पण आमच्या खात्यात त्याला उलाढाल हाच शब्द आहे. बोनसच्या पस्तीसपट रकमेचे डाव लावून झाले पाहिजेत, त्याशिवाय बोनस किंवा त्यातून जिंकलेली रक्कम काढता येणार नाही. शंभर गुणिले पस्तीस, साडेतीन हजार पौंड. भाचा म्हणाला, "पण मामा, साडेतीन हजार खिशातून थोडेच घालायचे? तेच तेच फिरवायचे." बरोबर. पण फिरवताना गिरणी दळणावळ घेतेच. त्याने जो स्लॉटचा खेळ धरला होता, तो चेरी, घंटा आणि सातच्या आकड्यांची चक्रं गरगर फिरवणारा, त्याच्या माहितीच्या पानावर लिहिलं होतं, 'परतावा ९६ टक्के'. माणसाला वाटतं, शंभर भरले तर शहाण्णव कुठे जात नाहीत. तसं नसतं. शंभर पौंडांचे डाव लागले की सरासरीने शहाण्णव परत येतात, चार मालकाचे. ते शहाण्णव पुन्हा लावले की त्यातूनही शेकडा चार. आणि हे साडेतीन हजार भरेपर्यंत. साडेतीन हजारांचे शेकडा चार म्हणजे एकशेचाळीस. शंभर पौंडांचा बोनस सोडवून घ्यायला सरासरी खर्च एकशेचाळीस पौंड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. फक्त इथे कोंबडीही त्यांचीच आणि मसालाही त्यांच्याच दुकानातला.

आणि ही सभ्य दुकानातली गोष्ट झाली. काही ठिकाणी पस्तीसपट नुसत्या बोनसची नसते, बोनस आणि तुमची स्वतःची ठेव मिळून असते. म्हणजे दोनशेची पस्तीसपट, सात हजार. त्याचे शेकडा चार, दोनशेऐंशी. जवळ एकूण रक्कम दोनशे, आणि ती सोडवण्याचा सरासरी खर्च दोनशेऐंशी. असं कर्जाचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते साहेबांकडे नेलंच नसतं.

दुसरी अट मुदतीची. हे सगळं सात दिवसांत. एकेका पौंडाचा डाव लावला तर साडेतीन हजार डाव. दहा सेकंदांना एक चक्र फिरवलं तर पावणेदहा तास होतात. आमच्या बँकेच्या कामाच्या वेळेपेक्षा जास्त, आणि यात जेवणाची सुट्टी आणि 'सिस्टिम बंद आहे' धरलेलं नाही. शिवाय या नोकरीला पगार उलटा.

"मग मी रूलेट खेळतो," भाचा म्हणाला. "त्यात निम्मे लाल, निम्मे काळे. सारखेच पैसे दोन्हींवर लावायचे. एकीकडे गेले की दुसरीकडे आले. उलाढाल होत राहील, नुकसान शून्य."

मुलगा ताईवर गेलाय, बुद्धी आहे. पण शून्य म्हणालास तिथेच मेख आहे, मी म्हटलं. युरोपातल्या रूलेटच्या चाकाला सदतीस घरं असतात. अठरा लाल, अठरा काळी आणि एक हिरवं, शून्याचं. चेंडू शून्यावर बसला की लालही गेले आणि काळेही गेले. सदतिसांत एकदा, म्हणजे शेकडा दोन पूर्णांक सात. अमेरिकेतल्या चाकाला तर दोन शून्यं असतात, तिथे हाच वाटा सव्वापाच टक्क्यांच्या वर जातो. आर्यभटाच्या देशातल्या माणसाने शून्याला तरी कमी लेखू नये.

तरीही स्लॉटच्या चार टक्क्यांपेक्षा हे पावणेतीन बरे, असं त्याला वाटलं. तिसरी अट नेमकी तिथेच बसलेली होती, पोलिसासारखी, वळणानंतर. स्लॉटमध्ये लावलेला पौंड उलाढालीत पूर्ण पौंड धरला जाईल, रूलेटमध्ये लावलेला फक्त वीस टक्के आणि ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातला दहा टक्के. म्हणजे रूलेटवर साडेतीन हजारांची उलाढाल दाखवायची तर प्रत्यक्ष साडेसतरा हजार पौंड लावले पाहिजेत. त्याला सदतिसांनी भागा : चारशेत्र्याहत्तर पौंडांचं सरासरी नुकसान. ब्लॅकजॅक नियमाबरहुकूम, चुकता न चुकता खेळलं तर मालकाचा वाटा अर्धा टक्काच पडतो. पण तिथे पस्तीस हजार लावायचे आणि त्याचा अर्धा टक्का एकशेपंचाहत्तर. ज्या खेळात माणूस हळू बुडतो तिथे त्याला जास्त वेळ पाण्यात उभा करायचा, असं हे कोष्टक आहे. ज्याने कोणी ते बसवलं त्याला आमच्या मुख्य कचेरीत तडकाफडकी बढती मिळाली असती.

आणि लाल-काळ्यावर सारखे पैसे लावण्याबद्दल? त्याची वेगळी अट सातव्या पानावर होती. त्याला 'अनियमित खेळ' म्हणतात. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर पैसे लावून धोका टाळाल तर बोनस जप्त. त्याच्याच शेजारी माझ्या नोकरीत मी वाचलेलं सर्वांत सुंदर कलम होतं. केवळ बोनसचा फायदा घेण्याच्या हेतूने बोनस घेतल्याचं आढळल्यास बोनस रद्द होईल. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे बोनस घ्यायचा तो तोट्याच्या शुद्ध, निर्मळ हेतूनेच. भगवंताने अर्जुनाला फळाची आशा सोडायला सांगितली, पण फळाची आशा धरलीस तर आधी दिलेलं धनुष्यही काढून घेईन, असं म्हटलं नव्हतं.

चौथी अट कमाल डावाची : बोनस चालू असताना एका वेळी पाच पौंडांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. लावले तर जिंकलेलं सगळं जप्त. आणि पाचवी : फुकटच्या चक्रांतून कितीही जिंकलात तरी अमुक रकमेच्या वर हाती मिळणार नाही.

मी भाच्याला म्हटलं, "झालं वाचून. शंभर पौंड तुझे आहेत, पण हिशेब असा आहे. आता तू मला सांग, हे सगळं माहीत असून मला का विचारलंस? एवढं गणित तुलाही येतं."

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "माझ्यासाठी नाही मामा. म्हणजे माझ्यासाठी पण. पण आधी रूममेटसाठी."

हा रूममेट कोल्हापूरकडचा. वडील प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. पोरगं शनिवार-रविवार गुदामात खोकी उचलून घरभाड्यापुरतं मिळवत होतं. त्याने हाच बोनस घेतला होता. स्वतःचे शंभर पहिल्याच रात्री गेले (आधी तुमचे जातात, मग बोनसचे निघतात, हाही एक क्रमच आहे), पण बोनसच्या पैशांना दुसऱ्या रात्री नशीब लागलं आणि पडद्यावर आकडा आला ६४०. सहाशेचाळीस पौंड! त्याने त्याच रात्री घरी फोन केला. जुगाराचं सांगायची छाती झाली नाही, म्हणून एकच शब्द सांगितला आणि तो अगदी खरा होता : "बाबा, बोनस मिळाला."

इकडे मात्र त्या आकड्याभोवती अजून अटींचं कुंपण होतं. सातव्या दिवसाची मुदत जवळ आली, उलाढाल सातआठशेंनी कमी पडत होती. म्हणून शेवटच्या रात्री त्याने घाईघाईने दहा-दहा पौंडांचे डाव लावले. उलाढाल भरली. पैसे काढायचा अर्ज केला. उत्तर आलं, अत्यंत नम्र भाषेत, 'प्रिय ग्राहक' या संबोधनासह. कमाल डावाच्या कलमाचा भंग झाल्यामुळे रक्कम रद्द करण्यात येत आहे, पुढील खेळासाठी शुभेच्छा. पोराचं डोकं फिरलं. गेलेले सहाशेचाळीस परत आणायला त्याने भाड्याचे तीनशे भरले. ते शुभेच्छांसकट गेले.

हे सगळं मला कळून दोन दिवस झाले नसतील, तोच शाखेत मला फोन. गुरुजी. माझा नंबर त्यांना भाच्याकडूनच मिळाला होता. मुलगे एका खोलीत राहतात म्हटल्यावर आम्ही त्या नात्याने व्याही लागतो म्हणायचे.

"साहेब, नमस्कार. आमच्या चिरंजीवांना तिकडे बोनस मिळालाय, तुमच्या कानावर आलंच असेल. आपले सत्तर हजारांच्या घरात होतात. नोकरी लागून तीन महिने नाहीत तोवर बोनस, म्हणजे काम चोख करत असणार. शाळेत पेढे देऊन आलो. तर विचारायचं होतं, रक्कम आली की मुदत ठेवीत ठेवावी म्हणतो, त्याच्याच नावाने. सध्या ज्येष्ठ नागरिकाला काय दर आहे?"

माझ्या उभ्या नोकरीत व्याजाचा दर सांगताना मला घाम फुटला तो तेवढ्याच वेळी. समोर रांग होती. मी दर सांगितला. मग म्हटलं, "गुरुजी, रक्कम खात्यावर जमा होऊ दे, मग बोलू. तोवर मुलाशी एकदा सविस्तर बोला." बँकेतला माणूस याहून जास्त बोलत नाही. पण त्या संध्याकाळी मी लेस्टरला फोन लावला आणि भाच्याला सांगितलं, "बोनसच्या अटी मी वाचल्या, आता माझी एक अट. त्या पोराने उद्याच्या आत वडिलांना स्वतः सांगायचं. पेढे वाटून झालेत."

तुम्ही म्हणाल, या कंपन्यांना कोणी विचारणारं नाही का? आहे. साहेबाचा देश आहे, तिथे विचारतात, फक्त रांगेत उभं राहून विचारतात. तिथल्या बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने २०१६ साली या बोनसांची चौकशी सुरू केली. २०१८च्या फेब्रुवारीत विल्यम हिल, लॅडब्रोक्स आणि पीटी एंटरटेनमेंट या तीन कंपन्यांनी लेखी हमी दिली. बोनस चालू असला तरी गिऱ्हाइकाला त्याचे स्वतःचे पैसे काढायला अडवणार नाही आणि अटी स्पष्ट सांगू. शिवाय, जिंकणाऱ्याला जाहिरातीत झळकण्याची सक्ती करणार नाही. म्हणजे तोवर, जिंकलात तर दात दाखवून फोटो द्या, हीही एक अट अटींत असायची. हरणाऱ्यांच्या फोटोबद्दल काही नव्हतं. तेवढा कागद कुठून आणणार?

पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. तो बोनसचा नव्हता, पण बारीक अक्षराचा होता. एका माणसाने २०१८च्या जानेवारीत बेटफ्रेड या कंपनीच्या ब्लॅकजॅकच्या खेळात सतरा लाख पौंडांच्या वर रक्कम जिंकली. कंपनी म्हणाली, खेळाच्या यंत्रणेत दोष होता आणि दोष असेल तर पैसे द्यायचे नाहीत असं आमच्या अटींत आहे. न्यायाधीशबाईंनी त्या अटी वाचल्या. (मला हे वाचून भरून आलं, आपल्याखेरीज आणखी कोणीतरी वाचलं!) आणि त्या म्हणाल्या, पैसे नाकारण्याइतकं हे गिऱ्हाइकाच्या नजरेला नीट आणून दिलेलं नाही, त्याचे पैसे द्या. मी हा निकाल आमच्या शाखेत साहेबांना सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, "आपल्या लॉकरच्या फॉर्मचा टाइप केवढा आहे हो?"

आणि आता जानेवारी २०२६पासून तिथल्या जुगार आयोगाने उलाढालीलाच लगाम घातला आहे. बोनसच्या दहापटीपेक्षा जास्त उलाढाल मागायची नाही. हिशेबाला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगतो. शंभराची दहापट हजार, त्याचे शेकडा चार म्हणजे चाळीस. शंभरातले साठ कागदावर तरी उरतात. पस्तीसपटीपेक्षा हे नक्कीच माणुसकीचं झालं. पण सरासरीचा भरवसा धरून नदीत उतरू नये, सरासरी खोली कमरेएवढी असलेल्या नदीत माणसं बुडालेली आहेत. आणि परवाना नसलेली, कुठल्या तरी दूरच्या बेटावर पाटी लावून चालणारी जी दुकानं आहेत, ती या लगामाला बांधील नाहीत.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुठल्याच कलमात लिहिलेली नसते. बोनस हा पैसे देण्यासाठी नसतो, परत बोलावण्यासाठी असतो. हे आपल्याला तरी नवं वाटू नये. द्यूतात पांडव सगळं हरले, राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदीला पणाला लावली. मग धृतराष्ट्राने काय केलं? सगळं परत दिलं. आजच्या भाषेत शंभर टक्के कॅशबॅक. पांडव निघालेही. आणि अर्ध्या वाटेत निरोप आला, आणखी एकच डाव. धर्मराज परतला. त्या दुसऱ्या डावाच्या अटी बघा : बारा वर्षं वनवास, वर एक वर्ष अज्ञातवास, आणि त्या तेराव्या वर्षी ओळखले गेलात तर पुन्हा बारा वर्षं पहिल्यापासून. ही उलाढालीची अट आहे, हा मुदतीचा नियम आहे आणि ही भंग झाल्यास जप्ती आहे. आणि तेरा वर्षं पुरी करून, सगळ्या अटी पाळून पांडव आपली रक्कम काढायला आले तेव्हा दुर्योधन म्हणाला, सुईच्या अग्राएवढीही देणार नाही. अर्ज नामंजूर. शुभेच्छाही नाहीत.

आपल्या देशात २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. बँकांनीही अशा व्यवहारांना हात लावू नये असं त्यात आहे. ते उत्तम झालं. पण फोनवर निरोप येतातच, 'फुकट', 'स्वागत', 'दुप्पट'. तेव्हा माझ्या टेबलापुढे येणाऱ्या चार माणसांना मी सांगतो ते तुम्हांलाही सांगतो. चांदणी दिसली की चार प्रश्न विचारा : किती पट फिरवायचं, कशाची पट, किती दिवसांत, आणि काय केलं तर जप्त? या चारांची उत्तरं एका पोस्टकार्डावर मावत नसतील तर समजा, तुम्ही गिऱ्हाईक नाही, तुम्ही माल आहात.

भाच्याने आपले शंभर पौंड भरले नाहीत. ते त्याने रूममेटच्या भाड्यात घातले. परत केव्हा मिळतील याची काही अट घातली का, असं मी विचारलं तर म्हणाला, "मामा, तू पण ना!" रूममेटने गॅमस्टॉप म्हणून तिथे एक सोय आहे तिच्यात नाव घातलं. आपणच आपल्याला बंदी घालून घ्यायची, सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं, की तिथल्या कोणत्याही परवानाधारक ऑनलाइन दुकानात आपल्याला प्रवेश नाही. फी नाही. त्याने पाच वर्षांवर खूण केली. भाचा म्हणाला, फॉर्म भरताना गड्याने प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

त्याने वडिलांना सांगितलं. मला ते गुरुजींच्याच फोनवरून कळलं. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा समोर रांग नव्हती. ते रागावलेले वाटले नाहीत. उगाच इकडच्या तिकडच्या, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, "साहेब, ती मुदत ठेव राहू द्या आता."

मी म्हटलं, "हो गुरुजी."

"पस्तीस वर्षं गणित शिकवलं हो मी. त्यालाही मीच शिकवलं, चौथीला माझ्याच वर्गात होता. बेरीज त्याची कधी चुकायची नाही. हातचा तेवढा धरायला विसरायचा." जरा थांबले. मग म्हणाले, "पेढ्यांचं काय, ते काही वाया गेले नाहीत. पोरांनी खाल्ले. पण मुख्याध्यापक रोज विचारतात, 'चिरंजीवांचं कसं चाललंय?' मी सांगतो, पगार वेळेवर होतोय."